बायजाचा तिसरा श्वास

रवि. ५ ऑक्टो., बॉथेल

गेम साडेचारलाच थांबला. एरवी सहा वाजले तरी कोणी उठत नाही.

बायजा पडली. गेममधलं दिनकरकाकांचं पात्र. गेली दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी आमच्या डायनिंग टेबलावर येणारी, झाडपाल्याची औषधं करणारी, सगळ्यांना शिव्या घालत जेवायला वाढणारी. भुयाराचं छत कोसळलं, पाणी शिरलं. ती अलीकडे, बाकी तिघं पलीकडे. गोष्ट मी चालवते, संकटांचे फासे पुठ्ठ्याच्या पडद्यामागे मीच टाकते. टाकला, अठरा. दगड थेट तिच्यावर. जीव शून्यावर.

मग नियमाप्रमाणे काकांनी स्वतःचा फासा टाकला, सगळ्यांसमोर. चार. एक श्वास गेला. पुढच्या पाळीला सात. दुसरा गेला.

ईरा म्हणाली, "मॉम, कॅन आय स्विम टू हर?"

मी म्हटलं, पोचायला दोन पाळ्या लागतील.

"टू?"

"दोन."

म्हणजे काकांना अजून दोनदा फासा टाकावा लागणार, आणि श्वास एकच उरलेला. सगळ्यांनी मनात हिशोब केला ते चेहऱ्यांवर दिसलं. काकांनी फासा उचलला, जरा वेळ तळहातावर धरला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "आज इथंच थांबू."

हेमंत म्हणाला, "काका, फासा टाकावा लागतो."

"टाकीन. पुढच्या वेळी टाकीन."

अश्विनी वडिलांचं जॅकेट घेऊन आली. पायऱ्या उतरताना काकांनी कठडा धरला. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण आजवर धरलेला पाहिला नव्हता.

१९ ला मंडळाची दिवाळी, म्हणजे गेम नाही. एकदम २ नोव्हेंबर. चार आठवडे ती बाई पाण्यात.


सोम. ६ ऑक्टो.

नियमांचा कागद फ्रीजवरून काढून परत वाचला. माझंच अक्षर, कोपऱ्यात ईराने काढलेली कवटी. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

१. जीव शून्यावर आला की दर पाळीला खेळाडूने वीस बाजूंचा फासा सर्वांसमोर टाकायचा. दहा किंवा वर: तग धरला. दहाच्या खाली: एक श्वास गेला.
२. तिसरा श्वास गेला की मेला.
३. त्याआधी कोणी पोचून हात लावला तर वाचला.
४. मेलेला परत येत नाही. कोणासाठीही नाही.

चौथं कलम हेमंतचं. "नाहीतर कशाला खेळायचं?" म्हणाला होता. सगळ्यांच्या सह्या आहेत. काका नंतर आले. अश्विनीने ओढून आणलं होतं, आई गेल्यावर घरात बसून असतात म्हणून. त्यांनी कागद दोनदा वाचून, चष्मा पुसून मग सही केली.

रात्री झोपताना सुहासला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, गेम आहे."

हो.


बुध. ८ ऑक्टो.

लंचमध्ये अश्विनीचा फोन. पार्किंगमध्ये गाडीत बसून घेतला.

काका जेवायला बसतात आणि दोन घास खाऊन उठतात. फासा डायनिंग टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलाय. तिने उचलून बाजूला ठेवला तर म्हणाले, राहू दे तिथंच.

"मेधा, काहीतरी कर ना. तुझ्याच हातात आहे सगळं. पाणी ओसरलं म्हण. कोणीतरी नावाडी आला म्हण."

मी म्हटलं, नियम...

"एक कागद आहे गं तो फ्रीजवरचा. तुला कळतंय ना बायजा कोण आहे ते? 'आधी जेवा, मग मरा.' आई रोज म्हणायची हे. शब्दन्‌शब्द. मी ऐकते तिथे बसून. बाबांना वाटतं, मला कळत नाही." मग हळू आवाजात, "त्यांना आई दुसऱ्यांदा..."

वाक्य पूर्ण केलं नाही.


शुक्र. १० ऑक्टो.

हेमंतचा मेसेज: "अश्विनीशी बोललो. नियम वाकवायचा विचार आहे का? काकांबद्दल मलाही वाईट वाटतं. पण खंडूच्या वेळी कोणी कोणाला फोन केला नव्हता."

मी लिहिलं: "नियम तोच आहे."

पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

लिहून टाकते. इथे तरी.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली पुलावरची लढाई. ईराचं ते वर्ष फार वाईट गेलं. सकाळी शाळेच्या नावाने पोटात दुखायचं, घरात तोंड उघडायची नाही. पंधरा दिवसांतून एकदा, त्या टेबलावर, तिच्या पात्राच्या, एका तिरंदाज मुलीच्या तोंडून तेवढी बोलायची. कधी हसायचीसुद्धा. त्या दिवशी पडद्यामागे तिच्यावर एकोणीस पडला. तिचा जीव तेव्हाच इतका थोडा उरला होता की ती शून्यावर येऊन पुलावरून सरळ खाली गेली असती, कोणी पोचू शकलं नसतं. मी म्हटलं, "नऊ. चुकला वार."

कोणाच्या लक्षात आलं नाही. आवाजही बदलला नाही माझा.

दोन पाळ्यांनी हेमंतच्या खंडूवर सतरा. मी म्हटलं, "सतरा."

खंडू मेला. दोन, नऊ, पाच. तीन वर्षं खेळला होता हेमंत तो चोर. त्याच महिन्यात त्याचा जॉब गेला होता. उठला, टेबलाला वळसा घालून आला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, "लागलं. पण खरं आहे ना, म्हणून लागलं." मी हसले.

त्यानंतर तो एक सैनिक खेळतो. नाव ठेवलं नाही. कागदावर नावाच्या जागी 'शिपाई' लिहिलंय.


रवि. १२ ऑक्टो.

काकांकडे गेले. अश्विनी कॉस्कोला सामान आणायला गेलेली बघून. म्हणजे मुद्दाम तीच वेळ साधून.

"चहा टाकून राहिलो, बस." नागपूर सोडून पंचेचाळीस वर्षं झाली तरी 'राहिलो' गेलं नाही.

मी म्हटलं, काका, फासा खिशात का टाकलात?

"चार आठवडे मिळाले ना."

मग आपणहून बोलायला लागले. कुमुदकाकू अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. "मी भूलतज्ज्ञ. मशीनवरचे आकडे मला वाचता येतात, तेच वाईट. दुसऱ्या नवऱ्यांना आशा तरी असते. बाराव्या दिवशी सकाळी मी सही केली. सगळे म्हणाले, बरोबर केलं. अश्विनी म्हणाली. बरोबरच होतं ते. मी दहा पेशंटच्या घरच्यांना तेच सांगितलं असतं. पण सही माझी होती ना, मेधा."

चहा ओतला. साय बाजूला केली चमच्याने.

"इथं तुमच्याकडं फासा आहे. त्यात कोणाचा हात नाही. बायजा गेली तर गेली, राहिली तर राहिली. कोणी ठरवून नाही. मला हे फार आवडलं. म्हणून येऊन राहिलो."

आणि मग, अगदी सहज, बिस्किटं पुढे करत: "तुझे पडद्यामागचे फासे खरे असतात ना?"

"हो काका."

घरी येताना हायवेवरची एक्झिट चुकले.


मंगळ. १४ ऑक्टो.

ऑफिस. लॅबच्या नोंदी तपासणं, माझं रोजचं काम. नवीन मुलीने एक आकडा गिरवून दुरुस्त केलेला. तिला बोलावून सांगितलं: गिरवायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. ती "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली. मी म्हटलं, इट्स ओके, सगळ्यांचं होतं.

बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं बसले.


शनि. १८ ऑक्टो.

अश्विनीकडे फराळ. पन्नासेक माणसं, गराजपर्यंत चपलांचा ढीग. काका कोपऱ्यात खुर्चीवर. मांडीवरच्या प्लेटमधली चकली तशीच.

हेमंत भेटला. नवीन जॉबबद्दल बोलला, बायोटेकमध्येच आहे, बरं चाललंय. मग म्हणाला, "अश्विनी माझ्याशी नीट बोलत नाहीये. जसं काही मीच म्हाताऱ्याला मारतोय."

"नाही रे."

"मला काय काकांची बायजा मरायला हवीय? पण मग खंडू काय चूक म्हणून मेला?"

आत्ता सांगावं असं वाटलं. खरंच तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कोणीतरी आरतीला बोलावलं आणि मी सगळ्यांच्या आधी आत गेले.

ईराने गाडीत विचारलं, "व्हाय इज एव्हरीवन बीइंग सो वीअर्ड?" म्हटलं, दमलेत सगळे.


गुरु. २३ ऑक्टो., भाऊबीज

पुण्याला दादाशी व्हिडिओवर ओवाळणी झाली. मग ईराच्या खोलीत गेले आणि सांगितलं. तिला आधी. का ते माहीत नाही. ती सगळ्यात सोपी जाईल असं वाटलं असेल.

ती पलंगावर मांडी घालून बसली होती. सगळं ऐकून घेतलं.

"सो आय वॉज सपोज्ड टू डाय. अॅट द ब्रिज."

मी म्हटलं, बाळा, तू तेव्हा...

"आय नो हाऊ आय वॉज." मग, "तुला वाटलं मी हँडल नाही करू शकणार. अ गेम." हे मराठीत बोलली. रागावली की मराठीत बोलते, माझ्या भाषेत मला नीट लागावं म्हणून.

म्हटलं, हो, वाटलं. मी घाबरले होते.

"मी त्या टेबलावर का यायचे माहितीये? बिकॉज दॅट वॉज द वन प्लेस जिथे कोणी मला फ्रॅजाइलसारखं ट्रीट करत नव्हतं."

तिने हेडफोन उचलले, घातले नाहीत.

"हेमंतकाकांना माहितीये?"

"नाही."

"तू सांग. नाहीतर मी सांगेन."


शनि. २५ ऑक्टो.

सांगितलं.

नदीकाठच्या ट्रेलवर बोलावलं होतं. दहाला. तो कॉफी घेऊन आला होता, माझ्यासाठीही. कॉफी हातात घेतल्यावर सांगणं आणखी अवघड झालं. पहिल्या बाकापर्यंत मुलांच्या शाळा वगैरे. मग बाकापाशी उभं राहून सगळं. न थांबता बोलले, पाठ केल्यासारखी.

तो पाण्याकडे बघत होता. न वळता म्हणाला, "किती पडला होता तिच्यावर?"

"एकोणीस."

"आणि माझ्यावर?"

"सतरा. तो खरा होता."

"दोन्ही आठवतात तुला."

"हो."

"दीड वर्ष."

"हो."

सायकलवाला घंटी वाजवत आला, आम्ही दोघं बाजूला झालो. मग तो म्हणाला, "पोरगी होती तुझी. मला कळतं गं. मीही केलं असतं. पण मी तुझा हात धरला होता त्या दिवशी. तेव्हा तरी." कप कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि गाडीकडे गेला. जोरात नाही, नेहमीच्या चालीने.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही.


मंगळ. २८ ऑक्टो.

हेमंतकडून काही नाही. गेमच्या ग्रुपवर त्याचं नाव अजून आहे. दिवसातून चार वेळा बघते.

अश्विनीला फोन करून सांगितलं. ती रागावेल ते गृहीत होतं, पण भलत्याच बाजूने रागावली.

"म्हणजे ईरासाठी करता येतं. मग बाबांसाठी का नाही?"

"कारण ते चुकीचं होतं, अश्विनी."

"तुझी मुलगी वाचली आणि मग तुला कळलं चुकीचं होतं. आता माझ्या बाबांच्या वेळी तू प्रामाणिक होणार. वा."

ती म्हणते त्यात खोट कुठे आहे ते मला सापडत नाही.

शेवटी म्हणाली, "बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांचा जीव अडकलाय त्यात."

म्हटलं, त्यांनी मला सरळ विचारलं होतं. मी खोटं बोलले. आता सांगावंच लागेल.

फोन ठेवला तिने.


गुरु. ३० ऑक्टो.

ऑफिसातून लवकर निघून काकांकडे. दार अश्विनीनेच उघडलं, आत जाऊ दिलं, स्वतः वर निघून गेली.

काकांनी सगळं ऐकलं. डॉक्टर ऐकतात तसं, मध्ये न बोलता.

"मग बायजावरचा अठरा?"

"खरा होता, काका."

"आणि पाणी? दोन पाळ्यांचं अंतर?"

"नकाशावर आधीपासून होतं."

"मी कसं मानू?"

पडद्यामागे मी एकटी असते.

"भूल दिल्यावर दर पाच मिनिटांनी नाडी लिहावी लागते," काका म्हणाले. "लक्षात राहते, तरी लिहावी लागते. कोणी विचारलं तर दाखवता यावी म्हणून." फासा मिठाच्या बरणीशेजारीच होता. त्याच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "मला वाटलं होतं, एक जागा अशी सापडली जिथं कोणाचा हात नाही."

"काका, माफ..."

"जा आता. मला जरा पडायचं आहे."


रवि. २ नोव्हें.

आजपासून हिवाळ्याची वेळ, घड्याळं एक तास मागे. सकाळपासून वेळ सरतच नव्हता.

पडदा घडी करून कपाटात ठेवला. टेबल एकदम मोठं वाटायला लागलं. ईरा आणि मी समोरासमोर बसून राहिलो. दोन वाजता कोणी नाही. सव्वादोनला अश्विनी आणि काका. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अश्विनीने माझ्याकडे बघितलं नाही, पण पोह्यांचा डबा नेहमीसारखा ओट्यावर ठेवला.

अडीचला हेमंत. जॅकेट न काढता दारापाशीच उभा राहिला. "मी खेळायला आलेलो नाही. काकांचं बघून जाणार."

अश्विनी म्हणाली, "तू खंडूला परत आण, हेमंत. तुझा हक्क आहे. कोणी नाही म्हणणार नाही." तिच्या मनातलं माझ्या लक्षात आलं. एक परत आला की दुसरीलाही दार उघडं.

हेमंत म्हणाला, "खंडू मेला. मी त्याच्यासाठी रडलोय, गाडीत बसून. आता परत आणून त्याचं काय करू?"

काका म्हणाले, "बस हेमंत. माझ्या समोर बस. तू बघ, म्हणजे झालं." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच: "अठरा खरा होता, असं मी धरून चाललो आहे. माहीत नाही. धरलं आहे."

हेमंत बसला.

ईराची तिरंदाज आणि अश्विनीची जोगीण पाण्यात उतरल्या. पहिली पाळी. काकांनी फासा टाकला. लांब गेला, पाण्याच्या भांड्याला अडला. चौदा.

अश्विनीने तोंडावर हात घेतला. ईरा पुटपुटत होती, वन मोअर, वन मोअर. एक पाळी तग धरला की त्या दोघी पोचत होत्या. एकच हात अंतर. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या हातात काही नव्हतं.

काकांनी फासा मुठीत धरला. डोळे मिटले नाहीत. टाकला.

सहा.

हेमंत वाकून बघत होता. तोच म्हणाला, हळू आवाजात, "सहा आहेत, काका."

"दिसलं."

आमच्याकडे पद्धत आहे, ज्याचं माणूस जातं त्याने शेवट सांगायचा. मी आठवण करून देणार नव्हते. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाणी छातीशी आलं. तिला कळलं होतं. तिनं पोटलीतली भाकर काढली आणि वरच्या कोरड्या दगडावर ठेवली. म्हणाली, ही पोरं पोचतील तेव्हा उपाशी असतील." थांबले. "बस. एवढंच. कोणी काही केलं नाही तिला. पाणी आलं."

अश्विनी खुर्चीतून उठून त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली, गुडघ्यावर डोकं टेकून. काका तिच्या डोक्यावर थापटत राहिले. रडले नाहीत. म्हणाले, "पोहे आणले ना तू? वाढ."

खाल्ले त्यांनी. पूर्ण बशी.

हेमंत निघाला तेव्हा ईरा उठली. तिच्या तिरंदाज पात्राचा कागद हातात. चार वर्षांचे डाग, चिकटपट्ट्या, मागे तिने काढलेली चित्रं.

"हेमंतकाका. हिच्यावर एकोणीस पडला होता. आय नेव्हर टुक इट. तुम्ही ठरवा."

"मी काय ठरवू?"

"शी शुड हॅव फॉलन ऑफ दॅट ब्रिज. किंवा आय रोल नाऊ. किंवा तुम्ही म्हणाल ते. पण मॉम नाही ठरवणार."

मी "ईरा" म्हटलं. दोघांपैकी कोणी वळून बघितलं नाही.

हेमंतने कागद घेतला. उलटसुलट करून बघितला. "विचार करतो," म्हणाला आणि घेऊन गेला.


बुध. ५ नोव्हें.

अश्विनीचा मेसेज, रविवारनंतर पहिला: "बाबा नीट जेवतायत. काल आईचं कपाट उघडून बसले होते, मला साड्या दाखवल्या. मला अजून तुझा राग आहे." खाली थोड्या वेळाने: "डबा परत दे."

काकांचा फोन नाही. मीही केला नाही. ते परत टेबलावर येतील का, ते विचारायची माझी हिंमत नाही.

ईरा शाळेतून आल्यावर रोज विचारते, "एनीथिंग फ्रॉम हेमंतकाका?" नाही.


शनि. ८ नोव्हें.

दुपारी हेमंतचा फोन. माझ्या फोनवर, पण म्हणाला, "ईराला दे."

ती फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. काचेतून दिसत होती. ओल्या गवतात मोज्यांवर उभी, एक हात कोपराशी धरून. बरंच ऐकत होती. दोनदा मान हलवली, एकदा हसल्यासारखी वाटली, नक्की नाही. वीस मिनिटं.

आत आली, फोन ओट्यावर ठेवला. मोजे काढले.

म्हटलं, "काय म्हणाला?"

"दॅट्स बिटवीन अस, मॉम."

"तिरंदाज आहे की..."

तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. वाईट नव्हतं ते बघणं. मग ओले मोजे घेऊन लाँड्रीत गेली.

मी परत विचारलं नाही.